आईच्या खुब्यात बसवायचा स्टेम आरशासारखा गुळगुळीत का?

अंबडचा टर्नर | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही. नाशिकच्या अंबडला माझी तीन सीएनसी मशीन आणि वडिलांच्या वेळचं एक लेथ आहे, त्यामुळे प्रश्न टर्नरच्या भाषेत येणार, सांभाळून घ्या.

शनिवारी सकाळी आई (वय ७४) मागच्या दारी तुळशीला पाणी घालायला गेली आणि ओल्या फरशीवर जी बसली ती उठलीच नाही. डाव्या खुब्याचं हाड मानेपाशी मोडलंय. रक्त पातळ करायची गोळी चालू होती म्हणून थांबावं लागलं, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टर बॉल आणि स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरणारा धातूचा दांडा, बसवणार, तोही सिमेंट भरून.

आज संध्याकाळी डॉक्टरांना मी म्हटलं, साहेब, मी मशीनवरचा माणूस, मला वस्तू दाखवा म्हणजे जीव शांत होईल. भला माणूस. ड्रॉवरमधून दोन नमुने काढून टेबलावर ठेवले. एक आईला बसवणार त्या जातीचा, स्टीलचा. दुसरा बिनसिमेंटचा, टायटॅनियमचा, तसलाच माझ्या पिंपळगावच्या मेहुण्याला दोन वर्षांपूर्वी बसवलाय. तो एकोणचाळीसचा आहे, त्याच्या खुब्याचा रक्तपुरवठा बंद पडला होता.

टायटॅनियमचा हातात घेतला तर हलका, राखाडी, वरून एमरी पेपरसारखा खरखरीत. खालीवर निमुळता. तो हाडात नुसता ठोकतात म्हणे, बाकी काही नाही. मी रोज बुश, म्हणजे धातूची नळी, हाउसिंगच्या भोकात दाबून बसवतो. हाउसिंग एच सेव्हन, बुश पी सिक्स, अशी घट्ट फिटची मापं ठरलेली, दहा-वीस मायक्रॉन इकडे तिकडे झालं तर बुश सैल पडतो नाहीतर हाउसिंगला चीर जाते. इथे हाउसिंग म्हणजे जिवंत माणसाचं हाड, त्याला ना गोलाई ना टॉलरन्स, आणि वर हातोडी मारणार. हे टिकतं कसं?

पण खरी झोप उडवली ती दुसऱ्याने. आईचा स्टेम. दोन्ही बाजूंनी निमुळता, खांद्याला कॉलर नाही, खाच नाही, खवले नाहीत, आणि पॉलिश इतकं की त्यात माझा चष्मा दिसत होता. नखाला काही लागत नाही. आता मला सांगा, सिमेंटात पुरायची वस्तू कुणी बफिंग करून पुरतं का? आम्ही फाउंडेशन बोल्ट पुरतो तेव्हा खालचं टोक वाकवतो, आटे ठेवतो. सिमेंटाने पकडायला काहीतरी पाहिजे की नको? वर डॉक्टर म्हणाले, तो थोडासा खाली सरकतो, सरकू द्यायचा असतो. इथे मात्र मी गप्प झालो. सरकणारी वस्तू आईच्या मांडीत?

डॉक्टरांवर अविश्वास नाही. घाई होती त्यांना, पुढे पेशंट बसले होते. कुणाला डिझाइनची माहिती असेल तर सांगा.

सातपूरचा निवांत | रात्री ११.५२

नर्लिंग मारून दे भाऊ, हँडलला मारतो तसं 😄 गंमत सोड, आईंना लवकर बरं वाटो. मला एक सांगा, हे सिमेंट म्हणजे गोणीतलंच का?

जुना खुबेवाला | बुधवार, रात्री १२.३५

गोणीतलं नाही. दाताची कवळी ज्या ॲक्रिलिकची करतात त्याच जातीचं. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते खुब्यासाठी वापरायला घेतलं, आणि तेव्हापासून ते लोकांना एकच गोष्ट समजावत राहिले: हा डिंक नाही, हा भरणा आहे. तो हाडालाही चिकटत नाही आणि स्टीललाही धड चिकटत नाही. हाडाच्या आतल्या जाळीदार भागात दाबून भरला की तिथल्या भोकांत शिरतो आणि घट्ट होतो. टर्नर भाऊ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे, पण क्रमाने येतो.

मी सातपूरच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून लागलो आणि पुढची एकोणीस वर्षं हेच केलं, मांडीच्या हाडात बसणाऱ्या स्टेमचं डिझाइन करायचं. आता गंगापूर रोडला बसून नातवाचे सायकलचे ब्रेक दुरुस्त करतो. तुमचा प्रश्न वाचून झोप गेली म्हणा ना. कारण नेमका हाच प्रश्न मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात साहेबांना विचारला होता आणि साहेबांनी मला एक्सेटरची गोष्ट सांगितली होती.

एक्सेटर हे इंग्लंडमधलं गाव. तिथे १९७० साली रॉबिन लिंग नावाचे सर्जन आणि क्लाइव्ह ली नावाचे इंजिनिअर या दोघांनी मिळून एक स्टेम आणला. निमुळता, बिनकॉलरचा, पॉलिश केलेला. तुम्ही आज हातात धरलात त्याचा आजोबा. चांगला चालत होता. १९७६ मध्ये त्याचं पॉलिश जाऊन पृष्ठभाग मॅट झाला. आकार तोच, निमुळतेपण तेच. तेव्हा त्यात कुणाला फारसं काही वाटलं नाही. वाटणार काय? मॅटचा आरए, म्हणजे खरखरीतपणाचं माप, साधारण एक मायक्रॉन, म्हणजे जुन्या ड्रॉइंगवर तीन त्रिकोण काढून देतात ते फिनिश. तुम्ही आणि मी त्याला उत्तम माल म्हणून पास केलं असतं. पॉलिशवाला ०.०५ मायक्रॉनच्या आतला. एवढाच काय तो फरक.

आणि मॅट स्टेम सैल पडायला लागले. एकदोन नाही, आधीच्या पॉलिशवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त. १९८६ मध्ये त्यांनी पुन्हा पॉलिश आणलं आणि भानगड मिटली. आपल्या धंद्यात एवढा स्वच्छ प्रयोग मुद्दाम ठरवूनही करता येत नाही: सगळं सारखं, फक्त फिनिश बदललं, आणि खरखरीतवाला हरला.

का, ते सांगतो. माणूस चालला की स्टेमवर वरून दाब येतो. बर्लिनमध्ये बेर्गमान यांच्या गटाने पेशंटच्या खुब्यातच सेन्सर घातलेले सांधे बसवून मोजलंय, साधं चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येतो. आई साठ किलोच्या असतील तर दर पावलाला दीडशे किलो. ठेच लागली तर आठ पटीच्या घरातही जातो. वर्षाला साधारण दहा लाख पावलं धरा. एवढ्या हाणामारीत स्टील आणि सिमेंट यांची पकड कधी ना कधी सुटणारच. पकड सुटल्यावर काय होतं, हा खरा प्रश्न. खरखरीत स्टेम सुटला की तो सिमेंटात कानस घासावी तसा घासतो. भुगा होतो, भुग्याने आजूबाजूचं हाड विरघळायला लागतं, मग आणखी सैल. पॉलिशवाला सुटला की तो नुसता घसरतो, कणभर खाली जातो आणि पाचरीसारखा पुन्हा आवळून बसतो. जितका दाब, तितका घट्ट.

कुदळ आठवा. दांडा वरच्या टोकाला जाड असतो, कुदळीचं डोळं खालून सरकवत आणून तिथे अडकवायचं. खिळा नाही, डिंक नाही. उलटी धरून दांडा दगडावर आपटला की घट्ट, आणि खणता खणता आणखी घट्ट. आईंचा स्टेम त्या जातीचा आहे. पहिल्या एकदोन वर्षांत तो साधारण एक ते दीड मिलिमीटर खाली जातो आणि मग जवळजवळ थांबतो. सिमेंटही मदत करतं. ते दगडासारखं दिसलं तरी सततच्या दाबाखाली किंचित पसरतं, ज्याला आपण क्रीप म्हणतो. पाचर सरकते, सिमेंट तिला जागा देतं, आणि सगळा भार दाब होऊन हाडाकडे जातो. हे ॲक्रिलिक दाबाला दणकट आणि ताणाला कच्चं, म्हणून त्याला दाबातच ठेवायचं. कॉलर का नाही, ते आता तुमचं तुम्हालाच कळलं असेल. कॉलर हाडावर टेकली की पाचर सरकायची थांबली. खाच किंवा आटे ठेवले तरी तेच.

सिमेंटच्या स्टेमचं दुसरंही एक घराणं आहे बरं का. त्यात म्हणतात स्टेम, सिमेंट आणि हाड यांनी एकजीव होऊन तुळईसारखं वागावं, काहीच सरकू नये. तिथे कॉलर चालते, खरखरीतपणा चालतो. त्यातलेही काही स्टेम चांगले टिकले आहेत. घोटाळा होतो तो एका घराण्याचा आकार आणि दुसऱ्याचा पृष्ठभाग एकत्र केला की. टायटॅनियमचा स्टेम सिमेंटात घालून पाहिला लोकांनी, त्याचंही फारसं बरं झालं नाही. टायटॅनियम लवचीक, सिमेंटावर जास्त ताण टाकतं, आणि घासायला मऊ.

आता मेहुण्याचा. तुमचं एच सेव्हन, पी सिक्स इथे चालत नाही हे खरं, पण तत्त्व तेच आहे. सर्जन आधी रास्प ठोकतात, एकेक साइज वाढवत. रास्प म्हणजे स्टेमच्याच आकाराची दातेरी कानस. शेवटच्या रास्पपेक्षा खरा स्टेम काही दशांश मिलिमीटर जाड असतो. हाड लवचीक आहे, ते थोडं ताणतं आणि आवळून धरतं. जास्त ठोकलं तर बांबू फाटतो तसं उभं चिरतं, मग तार आवळावी लागते. पण ही आवळ फक्त सुरुवातीपुरती. तिचं काम एकच, स्टेम हलू द्यायचा नाही. हाड आणि धातू यांच्यातली हालचाल ४०-५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड त्या खरखरीत थरात वाढत येतं. १५०च्या पुढे गेली तर हाड येतच नाही, मऊ तंतूंचा पडदा तयार होतो आणि स्टेम कायमचा सैल. केस किती जाड असतो? सत्तरएक मायक्रॉन. म्हणजे सगळा खेळ केसभराचा. वरचा पांढुरका थर दिसला असेल तो हायड्रॉक्सिॲपटाइटचा, हाडातलंच खनिज, हाडाला बोलवायला.

गोल स्टेम गोल पोकळीत फिरू शकतो, आणि जिना चढताना, जमिनीवरून उठताना खुब्यावर नुसता दाब नाही, पीळ पण येतो. म्हणून व्हिएन्नाच्या त्स्वायम्युलर यांनी १९७९ मध्ये चक्क चौकोनी छेदाचा स्टेम आणला. चार कोपरे हाडात रुतले की फिरायचं नाव नाही.

आईंना सिमेंट आणि मेहुण्याला बिनसिमेंट, हे दोघांच्या हाडांवरून ठरतं. तरुण माणसाच्या मांडीच्या हाडाची आतली पोकळी नरसाळ्यासारखी, वर रुंद आणि खाली अरुंद, भिंती जाड. पाचर मस्त बसते. वय झालेल्या बाईमाणसाची पोकळी नळकांड्यासारखी सरळ होते आणि भिंत पातळ. नळकांड्यात पाचर ठोकली तर एक तर बसत नाही, नाहीतर नळकांडं फुटतं. सिमेंट मात्र मिळेल तो आकार भरून काढतं, आणि दुसऱ्या दिवशी पायावर वजन देता येतं. या वयात ते सोन्यासारखं आहे.

झोपा आता. उद्या तुम्हाला दिवसभर दवाखान्यात बसायचंय.

अंबडचा टर्नर | रात्री १२.५८

काका, कुदळीने डोकं एकदम लख्ख झालं. घरी दोन कुदळी आहेत आणि हे कधी सुचलं नाही.

झोप येणार नाहीच, म्हणून अजून एक. तुम्ही म्हणता टायटॅनियम लवचीक, हाडही लवचीक. मग बिनसिमेंटचा स्टेम हाडाइतकाच मऊ का नाही करत? धातूच कशाला, एखादं चांगलं इंजिनिअरिंग प्लॅस्टिक घ्यायचं. माझ्याकडे डेलरिनचे रॉड पडून आहेत.

जुना खुबेवाला | रात्री १.२०

डेलरिन म्हणालात आणि हसूच आलं. अहो, हे करून झालंय, आणि जवळपास त्याच प्लॅस्टिकमध्ये. १९७०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट माथिस यांनी पॉलिअसिटालचा स्टेम केला, आत धातूचा गाभा ठेवून. विचार तुमचाच, हाडासारखा वागणारा स्टेम.

विचार चुकीचा नव्हता. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमची मिश्रधातू ११०, आणि मांडीच्या हाडाची कठीण भिंत १५ ते २०च्या घरात. ताठ वस्तू आणि लवचीक वस्तू शेजारी शेजारी भार घेतात तेव्हा ताठ असते ती सगळा भार खाते. मग वरच्या भागातल्या हाडाला काम उरत नाही. वोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्येच लिहून ठेवलंय की हाड भाराप्रमाणे घडतं. काम नसलेलं हाड शरीर परत घेतं. दहा वर्षांनी एक्स-रे काढला तर स्टेम जागेवर, पण मांडीच्या आतल्या अंगाचं हाड वरून विरळ. त्यातून जाडीचा हिशेब तर तुम्हाला ठाऊकच आहे, गोल दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. स्टेम दहाचा चौदा केला की ताठपणा जवळपास चौपट. म्हणून मोठ्या साइजला काही जण मध्ये खाचा पाडतात, खालचं टोक दुभंगतात.

पण मऊ केलं की दुसरीकडे फाटतं. मऊ स्टेम सगळा भार वरच्या टोकालाच हाडावर टाकतो, तिथे घसरण वाढते, आणि मघाशी सांगितलेली मायक्रॉनची हद्द ओलांडली जाते. प्लॅस्टिकवाले स्टेम मोठ्या प्रमाणात सैल पडले. ताठ ठेवा तर हाड विरघळतं, मऊ करा तर हाड जुळतच नाही. माझी एकोणीस वर्षं या दोन भिंतींच्या मधल्या बोळात गेली. साहेब लोक दर दोन वर्षांनी विचारायचे, नवीन काय? मी म्हणायचो, बोळ तोच आहे.

आणि बारीक करूनही भागत नाही. माझी एक फजिती सांगतो, नाव-गाव सोडून. आपल्याकडच्या बायकांची पोकळी अरुंद, म्हणून आम्ही टायटॅनियमची एक लहान साइज काढली. लहान असल्याने खांद्यावर साइजचा आकडा कोरायला जागा राहिली नाही, सगळीकडे कोटिंग. मी तो आकडा खाली, कोटिंग संपतं तिथल्या गुळगुळीत भागावर, बाहेरच्या अंगाला घेतला. लेझरने कोरलेला, काळा, सुबक. ड्रॉइंगवर सही माझी.

मग थकव्याची चाचणी. आयएसओ ७२०६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा चौथा भाग, स्टेमचं खालचं टोक पक्कं पुरायचं, वर थोडा तिरपा २३०० न्यूटनपर्यंतचा भार, आणि ५० लाख फेऱ्या. मशीन दिवसरात्र टकटक करत असतं. माझा स्टेम अकरा लाखांच्या आसपास गेला. सकाळी आलो तर मशीन बंद आणि तुकडा ट्रेमध्ये. भिंगाखाली धरला. नदीचं पाणी ओसरताना काठावरच्या चिखलात रेघा राहतात ना, तशा अर्धवर्तुळाकार रेघा, आणि सगळ्या एका बिंदूकडे जाणाऱ्या. तो बिंदू होता इंग्रजी आठच्या वरच्या गोलाचा काठ. बाहेरचं अंग म्हणजे ताणाची बाजू, आणि टायटॅनियमला ताणाच्या बाजूवर ओरखडासुद्धा सहन होत नाही. लेझरने तर तिथे वितळवून पुन्हा गोठवलेला ठिसूळ ठिपका तयार केला होता. आकडा खांद्याच्या अगदी टोकावर नेला, जिथे ताण जवळजवळ नसतो, आणि तोच स्टेम ५० लाख पार करून गेला. एका आठाने मला जे शिकवलं ते कॉलेजने शिकवलं नव्हतं. नशीब मशीनवर तुटला.

उद्या डॉक्टरांना परत भेटलात तर बॉल बसतो तो वरचा टेपर, म्हणजे निमुळता खुंट, बघा. १२/१४ म्हणतात त्याला. मोर्स म्हणतात पण तुमच्या टेलस्टॉकच्या मोर्सपेक्षा तो बोथट आहे. तुमचा साधारण विसाला एक, हा दहाला एक. एका ठोक्यात बसतो, पण कोरडा आणि स्वच्छ पाहिजे, रक्ताचा थेंब नको. ड्रिलचं स्लीव्ह बसवताना तुम्ही चिंधीने पुसता, तसंच. आणि एका कंपनीचा बॉल दुसऱ्या कंपनीच्या १२/१४ वर चढवायचा नाही, नाव एक असलं तरी कोन आणि लांबी एक असतीलच असं नाही.

ओटीतला पोऱ्या | बुधवार, सकाळी ६.१०

नाइट संपवून वाचतोय. मी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन, हे सिमेंट मीच कालवतो. खुबेवाले काकांनी डिझाइन सांगितलं, मी कालवायचं सांगतो.

४० ग्रॅम पावडर, २० मिली लिक्विड. लिक्विडचा वास असा की मास्कमधूनही डोळ्यांत पाणी. कालवलं की आधी श्रीखंडासारखं, मग हातमोज्याला तार धरतं, आणि एका क्षणी तार तुटते, चिकटणं थांबतं. तिथपासून सर्जनचं घड्याळ चालू. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हे फार पटकन होतं, म्हणून मी आदल्या रात्रीच पाकिटं ओटीच्या एसीत आणून ठेवतो. एकदा बाहेरच्या स्टोअरमधून आयत्या वेळी आणलं होतं, सरांच्या शिव्या अजून आठवतात. पोकळी आधी पाण्याच्या जोराने धुतात, खाली बूच बसवतात, मग पिचकारीने तळापासून वर भरत येतात, म्हणजे हवा अडकत नाही. भरायच्या आधी सर भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगतात, सिमेंट जातंय. कारण त्या क्षणी कधी कधी बीपी घसरतं, वय झालेल्या पेशंटमध्ये जास्त. सगळे मॉनिटरकडे बघतात. उरलेला गोळा मी हातात धरून बसतो. तो गरम होतो, चटका बसेल इतका, मग कडक. माझ्या हातातला कडक झाला की आतलाही झाला असं धरायचं.

बिनसिमेंटच्या केसला तर कानच महत्त्वाचा. रास्प ठोकताना आधी थड थड आवाज येतो. बसला की आवाज बदलतो, टण्ण. आमचे सर तेव्हा सगळ्यांना गप्प करतात, एसीची घरघर पण नको वाटते त्यांना.

काडीवाला, निफाड | सकाळी ७.४५

मी पेशंट. दोन्ही खुबे बिनसिमेंटचे. करोनात स्टिरॉइड घेतलं, जगलो, पण वर्षभरात खुबे गेले. तेव्हा वय ४४.

खुबेवाल्या काकांचं ते हलू द्यायचं नाही वाचून म्हटलं हे तर आमचं द्राक्षाचं पाचर कलम. डॉगरिजचा खुंट मधोमध चिरायचा, थॉमसनच्या काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप द्यायचा, चिरेत बसवायची, सालीला साल लागली पाहिजे, आणि पट्टी करकचून बांधायची. पट्टी सैल राहिली, वाऱ्याने काडी हलली, की कलम गेलंच. वरून हिरवं दिसतं आठ-दहा दिवस, आत जुळलेलंच नसतं. आणि एकदा जुळलं की पट्टी राहिली काय, गेली काय.

आमच्या डॉक्टरांनी सहा आठवडे वॉकर सोडू नका सांगितलं होतं. मी चौथ्याच आठवड्यात छाटणी आली म्हणून बागेत गेलो. बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. हे कलमाचं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी गपगुमान पडून राहिलो असतो. सुदैवाने काही झालं नाही. पहिलं वर्षभर उजव्या मांडीत मध्येच ठणका यायचा, आता नाही. मांडी घालून बसत नाही, जेवायला खुर्ची. सप्तशृंगीला जातो पण रोपवेने.

टर्नर भाऊ, आईला काळजी करू नका म्हणावं.

अंबडचा टर्नर | गुरुवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. काल साडेअकराला आईला बाहेर आणलं. बीपी मध्ये थोडं खाली गेलं होतं असं भूलवाल्या मॅडमनी सांगितलं. ओटीतल्या भाऊंनी आधी लिहिलं नसतं तर ते ऐकून मी तिथेच बसलो असतो. आज सकाळी फिजिओवाल्या ताईंनी तिला वॉकर धरून उभं केलं, चार पावलं टाकली. पाचवं टाकायच्या आत तिने तुळशीला कोण पाणी घालतंय ते विचारलं.

आत्ता संध्याकाळी एक्स-रे आला. धाकटा भाऊ पुण्याहून आलाय, तो पण मेकॅनिकलवाला. फिल्म खिडकीशी धरून म्हणतो, दादा, काम बरोबर झालेलं नाही. स्टेमच्या टोकाखाली पोकळी राहिलीय, बघ. आणि खरंच, टोकाच्या खाली सिमेंटात बोटाच्या पेरापेक्षा लहान, काळी, नीट कडांची जागा दिसते. तो डॉक्टरांना फोन लावायला निघाला होता.

काका, मी त्याला थांबवलं आणि म्हटलं की ती जागा मुद्दाम ठेवली असणार, पाचरीला खाली जायला. बरोबर सांगितलं ना?

जुना खुबेवाला | गुरुवार, रात्री ९.४०

शंभर टक्के. टोकावर प्लॅस्टिकची पोकळ टोपी बसवलेली असते, एक्स-रेत प्लॅस्टिक दिसत नाही, आतली हवा काळी दिसते. ती नसती तर टोक सिमेंटवर टेकलं असतं आणि पाचर तिथेच अडली असती. धाकट्याला सांगा, पुढच्या वर्षीची फिल्म आजच्या फिल्मशेजारी धरून स्टेमचा खांदा सिमेंटच्या वरच्या कडेपासून किती खाली गेला ते मोजायचं. मिलिमीटरभर भरलं तर पेढे आणायचे.